उभ्याने काढलेला बेरियम आणि न दिसलेला हर्निया

प्रश्न : माझं वय ५३. गेली तीन वर्षं छातीत जळजळ होते आणि रात्री आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येतं. गेल्या वर्षी एंडोस्कोपी झाली, त्यात ‘छोटा हायटस हर्निया, ग्रेड ए ईसोफेजायटिस’ (अन्ननलिकेचा दाह) आलं. तेव्हापासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेते. आता डॉक्टरांनी बेरियम स्वालो, म्हणजे बेरियमचं पांढरं औषध पाजून क्ष-किरण फोटो काढायची तपासणी, सांगितली. गुडघे आणि कंबर दुखत असल्यामुळे मला पालथं झोपता आलं नाही, म्हणून तिथल्यांनी सगळे फोटो उभ्यानेच काढले. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘हर्निया नाही, रिफ्लक्स नाही.’ मग गेल्या वर्षीचा हर्निया गेला कुठे? गोळी बंद करू का? माझ्या जावेला घास अडकल्यासारखा वाटायचा, म्हणून तिचीही हीच तपासणी झाली होती. तिला मात्र आडवं करून, डोक्याकडची बाजू खाली करून, वर पाणी पाजून रिफ्लक्स दाखवला. तिला जळजळ कधीच होत नाही, तरी आता ती धास्तावली आहे. आणखी एक. तिच्या चार महिन्यांच्या नातवाला दूध पाजून करायचा स्कॅन सांगितला आहे. बाळाला तासभर उताणं बांधून ठेवतात म्हणे. त्याची खरंच गरज असते का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, या रिपोर्टवरून गोळी बंद करू नका. तुमचा रिपोर्ट खोटा नाही, पण त्यातल्या दोन ‘नाहीं’चा अर्थ एवढाच की तुम्ही उभ्या असताना, त्या चार-पाच मिनिटांत, हर्निया (जठराचा तुकडा छातीकडे सरकणं) आणि रिफ्लक्स (जठरातलं पाणी अन्ननलिकेत उलटं चढणं) दिसले नाहीत. तुम्हाला त्रास होतो तो आडवं झाल्यावर, आणि आडवं करून तर पाहिलंच गेलेलं नाही. जावेच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. तिथे रिफ्लक्स व्हावा अशीच मांडणी केली आणि तो झाला. म्हणून दोन्ही रिपोर्ट वाचताना आधी विचारायचं ते हे की शरीर कोणत्या स्थितीत होतं आणि किती जोर लावला होता.

शरीराच्या स्थितीने एवढा फरक का पडतो, ते जठराच्या ठेवणीत आहे. जठराचा वरचा घुमटासारखा भाग, ज्याला फंडस म्हणतात, तो पोटात डावीकडे आणि बराच मागे, पाठीच्या बाजूला असतो. अन्ननलिका त्याच्या उजव्या अंगाने जठरात उतरते. तुम्ही उभ्या असता तेव्हा पातळ पदार्थ जठराच्या खालच्या भागात जातो आणि घुमटात हवा राहते. म्हणजे अन्ननलिकेच्या तोंडाशी त्या वेळी असते ती हवा. तिथली झडप क्षणभर सैल पडली तरी बहुतेक वेळा ढेकर येतो, बेरियम वर येत नाही. उताणं झोपलं की चित्र पालटतं. घुमट मागे असल्यामुळे बेरियम ओघळून तिथे साठतो आणि हवा पुढच्या भागात सरकते. आता झडपेच्या दाराशी थेट पातळ पदार्थ टेकलेला असतो. उजव्या कुशीवर वळलं तर हा साठा अन्ननलिकेच्या तोंडावरच येतो. डाव्या कुशीवर मात्र तोंड वर राहतं आणि साठा खाली. अर्धी भरलेली, बूच सैल असलेली बाटली उभी ठेवली तर सांडत नाही, आडवी ठेवली तर कोणत्या अंगाला कलते त्यावर सांडणं ठरतं, तसंच हे.

हर्नियाचं गणितही असंच आहे. सरकत्या हर्नियात जठराचा वरचा तुकडा छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यातल्या भोकातून वर सरकतो, आणि नावाप्रमाणे तो परत खालीही येतो. उभं राहिलं की जठर स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं आणि छोटा हर्निया पोटात परततो. म्हणून केवळ उभ्याने काढलेल्या फोटोत तो नसणं अगदी अपेक्षित आहे. तो दिसायला तीन गोष्टी लागतात : माणूस आडवा हवा, पोटावर थोडा दाब हवा आणि अन्ननलिकेचं खालचं टोक बेरियमने तट्ट फुगलेलं हवं. पालथं झोपवून, गरज पडली तर पोटाखाली उशी किंवा गुंडाळी देऊन, स्ट्रॉने भराभर घोट प्यायला लावतात ते यासाठीच. साधारणपणे अन्ननलिका आणि जठराची सांधजागा पडद्यातल्या भोकाच्या दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वर गेली तरच त्याला हर्निया म्हणायचं, असा संकेत आहे. दोन सेंटिमीटरच्या आसपासचा हर्निया एका तपासणीत असतो आणि दुसरीत नसतो, हे नेहमीचंच.

एंडोस्कोपी तरी अचूक होती का, असं तुम्हाला वाटेल. एंडोस्कोपीत माणूस डाव्या कुशीवर असतो, पोटात हवा भरलेली असते आणि अधूनमधून उमासे येत असतात. जास्त हवा भरली किंवा जोराचा उमासा आला की जठर वर ढकललं जातं आणि हर्निया आहे त्याहून मोठा वाटू शकतो. त्यामुळे ‘छोटा हर्निया’ या एंडोस्कोपीतल्या शब्दांवरही फार भार टाकू नये. गेल्या वर्षी तुम्हाला छोटा, सरकता हर्निया असेल तर तो आजही आहे. तो आपोआप बरा होत नाही आणि दोन रिपोर्टच्या मध्ये नाहीसाही झालेला नाही.

पूर्ण बेरियम तपासणी कशी होते ते थोडं तपशिलाने सांगते, म्हणजे तुमच्यात काय झालं आणि काय राहिलं ते कळेल. सुरुवात उभ्यानेच होते. डावा खांदा मागे टेबलाला टेकलेला आणि उजवी बाजू थोडी पुढे, असं तिरकं उभं करतात, कारण सरळ उभं राहिलं तर अन्ननलिकेची सावली मणक्यावर पडते. गॅस होणारी पूड घोटभर पाण्याबरोबर देतात आणि ढेकर रोखून धरायला सांगतात. लगेच दाट बेरियम गटागटा प्यायचा. गॅसने नळी फुगते, दाट बेरियमचा पातळ थर आतल्या अस्तराला चिकटतो, आणि अस्तरावरच्या जखमा, खडबडीतपणा, गाठ हे सगळं या टप्प्यात दिसतं. इथे बिघडतं ते ढेकर देऊन टाकल्यामुळे किंवा चव नको म्हणून छोटे छोटे घोट घेतल्यामुळे. नळी फुगली नाही की अस्तराच्या घड्या तशाच राहतात आणि बारीक दोष त्यांत लपतात. तुमची तपासणी एवढ्यावर थांबली, असं पत्रावरून दिसतं.

नंतर टेबल आडवं होतं. पालथं, पण पूर्ण सपाट नाही : उजवी बाजू खाली, डावा खांदा आणि डावा कुल्हा थोडा उचललेला, डावा गुडघा दुमडलेला, डावा हात उशीजवळ आणि तोंडाशी स्ट्रॉ. या वेळी पातळ बेरियम देतात. आधी एकेक घोट, दोन घोटांत वीस ते तीस सेकंदांचं अंतर ठेवून. या टप्प्याची घाई अनेक ठिकाणी होते आणि त्याने निष्कर्षच चुकतो. घोट गिळला की अन्ननलिकेत वरून खाली आकुंचनाची एक लाट जाते, तिला तळापर्यंत पोचायला आठ-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा घोट गिळला तर पहिली लाट वाटेतच थांबते. हा शरीराचा नैसर्गिक नियम आहे. पण पडद्यावर ते ‘स्नायू कमजोर’ असं दिसतं. म्हणून आडवं असताना लाळही गिळू नका, असं सांगितलं तर ते मनापासून पाळायचं. उभ्याने हा भाग नीट तपासताच येत नाही, कारण उभ्या माणसाच्या घशातून बेरियम स्वतःच्या वजनानेच खाली पडतो, स्नायूंनी काम केलं काय नि न केलं काय. तुमच्या रिपोर्टमध्ये अन्ननलिकेची हालचाल ‘नॉर्मल’ लिहिली असेल तर तेही याच मर्यादेत वाचा.

एकेक घोट झाले की मग भराभर, न थांबता प्यायला लावतात. त्याने खालचं टोक ताणलं जातं आणि हर्निया, तळाशी असलेली आवळलेली कडी किंवा अरुंद झालेली जागा उघडी पडते. शेवटी रिफ्लक्स शोधायचा टप्पा येतो : उताणं, मग हळूहळू उजव्या कुशीकडे वळवणं. एवढ्यात बेरियम आपण होऊन वर आला तर त्याला काही किंमत आहे. नाही आला तर खोकायला लावतात, पाय सरळ उचलायला सांगतात, श्वास कोंडून पोटाला ताण द्यायला सांगतात, कधी डोक्याकडची बाजू थोडी उतरती करतात. त्याही पुढे पाण्याची चाचणी. बेरियम झडपेच्या तोंडाशी साठलेला असताना उजवीकडे कललेल्या स्थितीत पाणी प्यायला देतात. गिळताना झडप उघडतेच, त्या उघड्या दारातून बेरियम वर येतो का ते पाहतात.

या शेवटच्या चाचणीबद्दल माझं मत ठाम आहे : एकटीच्या बळावर तिने कुणालाही रोगी ठरवू नये. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. जेवणानंतर थोडाफार रिफ्लक्स प्रत्येकालाच होतो. तो किती वेळ टिकतो, किती आम्ल वर राहतं आणि अस्तराला इजा होते का, यावर आजार ठरतो. रेडिओलॉजिस्टने पडद्यावर एकूण पाहिलेला वेळ काही मिनिटांचाच असतो, कारण क्ष-किरण सतत सुरू ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. बहुतेक रिफ्लक्स झडप मधूनच काही सेकंदांसाठी सैल पडते तेव्हा होतो. तो क्षण त्याच मिनिटांत येईल याची खात्री नसते. म्हणून खरा रोगी ‘नाही’ म्हणून सुटतो आणि निरोगी माणूस जोर लावल्यामुळे ‘आहे’ म्हणून अडकतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ रिफ्लक्सच्या आजाराचं निदान करायला बेरियम स्वालो वापरू नये. बेरियमला आम्ल कळत नाही, त्याला कळतो तो आकार आणि प्रवाह. तुमच्या पॅन्टोप्राझोलचाही बेरियमच्या निकालावर फरक पडत नाही. गोळीने आम्ल कमी होतं, पाणी वर चढणं थांबत नाही.

मग बेरियम कशासाठी? गिळताना अडकत असेल तर. ऑपरेशनचा विचार असेल तर हर्निया केवढा आणि कशा जातीचा आहे ते पाहायला. आधी ऑपरेशन झालेलं असून त्रास परतला असेल तर. तुमच्या डॉक्टरांनी यांतल्या कोणत्या कारणासाठी ती सांगितली होती, ते आधी त्यांना विचारा. कारण ‘हर्निया आहे की नाही’ एवढंच असेल आणि उपचार त्यावरून बदलणार नसतील, तर तपासणी पुन्हा करण्यात मला अर्थ दिसत नाही. ऑपरेशन ठरत असेल किंवा घास अडकत असेल, तर मात्र उभ्याने झालेली अर्धी तपासणी पुरेशी नाही.

पुन्हा करायची वेळ आलीच तर पालथं न झोपताही बरंच साधतं. नाव नोंदवतानाच सांगा की गुडघ्यावर भार देऊन वळता येत नाही, पालथं झोपता येत नाही, कंबर ताठ आहे. टेबल झुकणारं आहे का आणि सोबतचं माणूस वळवायला आत थांबू शकेल का, हेही विचारा. झुकणाऱ्या टेबलावर उभ्या स्थितीतच टेकून उभं राहायचं आणि मग टेबलच हळूहळू आडवं करायचं. म्हणजे पाय दुमडून वर चढावं लागत नाही. पालथ्याऐवजी उताणं, एका अंगाला कललेलं, पाठीखाली पाचरीसारखी उशी आणि गुडघ्यांखाली गुंडाळी अशा स्थितीत स्ट्रॉने घोट घेता येतात. गुरुत्वाचा भाग त्यात वगळला जातो, तेच महत्त्वाचं. कुशीवर वळताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटावर दाब हवा तर श्वास कोंडून ताण देणं किंवा एक पाय थोडा उचलणं पुरतं. यांतलं काहीच जमलं नाही तर रेडिओलॉजिस्टना विनंती करा की ‘केवळ उभ्या स्थितीत तपासणी, आडव्या स्थितीत करता आली नाही’ हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहा. ते वाक्य नसेल तर पुढचा डॉक्टर ‘रिफ्लक्स नाही’ हे जसंच्या तसं धरून चालेल. धाप लागत असेल, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर डोकं उतरतं करण्याआधी ते सांगायलाच हवं. ठसक्याचं तर बेरियम तोंडात घेण्याआधीच सांगायचं.

तयारीत चुकतं ते साध्या गोष्टींत. रात्रीपासून उपाशी, म्हणजे सकाळचा चहाही नाही, आणि तंबाखू, पान, मिश्री, च्युइंगम काहीच नाही. त्याने लाळ आणि आम्ल वाढतं आणि बेरियम पातळ होऊन अस्तराला चिकटत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही, ते आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मंगळसूत्र, साखळी, पदराची पिन आधीच काढून ठेवा आणि वेणी मानेवरून बाजूला घ्या. छातीच्या मधोमध पडलेली मण्यांची सावली नेमकी अन्ननलिकेवर येते. एंडोस्कोपी किंवा पोटाचा सीटी स्कॅनही करायचा असेल तर तो बेरियमच्या आधी करा. बेरियमचा थर आत राहिला की दुर्बिणीतून दिसत नाही आणि सीटीत पांढरे पट्टे उमटतात. नंतर एक-दोन दिवस शौच पांढरट होते आणि कोठा बसतो, तेव्हा पाणी भरपूर प्या.

आता तुमचा खरा प्रश्न : आम्ल वर येतं की नाही. ग्रेड ए ईसोफेजायटिस म्हणजे अस्तराला पाच मिलिमीटरच्या आतली बारीक ओरखड्यासारखी इजा. ती निरोगी माणसांतही दिसते, त्यामुळे तिच्यावरून आजार पक्का ठरत नाही. ग्रेड बी, सी, डी असतं तर वेगळं बोलले असते. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या की नाही, ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायचं असेल तर तुम्हाला लागणारी तपासणी म्हणजे पीएच मॉनिटरिंग. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडून २४ तास, किंवा अन्ननलिकेला चिकटवलेल्या छोट्या कॅप्सूलने ९६ तासांपर्यंत आम्ल मोजतात. आजार अजून सिद्ध व्हायचा असेल तर त्याआधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पॅन्टोप्राझोल सात दिवस बंद ठेवतात. हेच गोळी बंद करण्याचं योग्य कारण, आणि तेही तात्पुरतं. अन्ननलिकेत आम्लाचा वेळ एकूण वेळेच्या सहा टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर रिफ्लक्स नक्की, चार टक्क्यांच्या खाली असेल तर नाही, मधलं असेल तर इतर पुरावे पाहावे लागतात.

या तपासणीतही शरीराची स्थिती मोजली जाते, पण इथे ती तुम्ही सांगायची असते. यंत्रावर बटणं असतात : आडवं झालं की एक, उठलं की एक, जेवण सुरू आणि संपलं की एक. दुपारी अर्धा तास लवंडलात आणि बटण दाबलं नाही, तर तो रिफ्लक्स उभ्या वेळेच्या खात्यात जातो आणि अहवालातला ‘रात्रीचा त्रास’ खोटाच कमी दिसतो. वहीत वेळ लिहून ठेवा. आणि त्या दिवशी मुद्दाम जपून वागू नका. लोक नळी आहे म्हणून खुर्चीत बसून रात्र काढतात आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन घरी येतात. नेहमीसारखं जेवा, नेहमीसारखं झोपा, ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर. त्याआधी अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री बहुतेक वेळा करतात, कारण नळीचं टोक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर ठेवायचं असतं आणि झडप नेमकी कुठे आहे ते तिच्यावरून कळतं. मॅनोमेट्रीतही आता आडवं असताना दहा आणि उठून बसल्यावर किमान पाच घोट देण्याची पद्धत आहे. एका स्थितीत बिघडलेली वाटणारी हालचाल दुसरीत ठीक निघते.

तुमच्या जाऊबाई. त्यांना घास अडकत होता, जळजळ नव्हती. त्यांच्या रिपोर्टमधल्या रिफ्लक्सच्या ओळीवर बोट ठेवण्याऐवजी तीन गोष्टी शोधा : कुठे अरुंद जागा किंवा कडी आहे का, घोटांची लाट तळापर्यंत जाते का, आणि घट्ट घास देऊन पाहिलं का. पातळ बेरियम अरुंद जागेतूनही सुळकन निघून जातो. त्यासाठी १३ मिलिमीटरची बेरियमची गोळी उभ्याने पाण्याबरोबर देतात. ती मिळत नाही तिथे बेरियममध्ये भिजवलेला पावाचा तुकडा देता येतो, आणि ‘तुम्हाला अडकतं तसंच आत्ता वाटलं का?’ हे विचारतात. बेरियम चांगला आला तरी घास अडकण्यासाठी एंडोस्कोपी आणि अस्तराचे छोटे नमुने घ्यावेच लागतात, कारण काही दाह फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतात. शिवाय काहींना झडपच सैल पडत नाही, ॲकॅलेशिया म्हणतात तो आजार असतो आणि साठलेलं अन्न तोंडाशी परत येतं, त्याला चुकून रिफ्लक्स समजलं जातं. त्याची बेरियम तपासणी मात्र मुद्दाम उभ्यानेच करतात. ठरावीक मात्रा, सहसा १०० ते २५० मिलिलिटर, प्यायला देऊन पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला बेरियमचा स्तंभ किती उंच उरला ते मोजतात. तिथे आडवं केलं तर मापच निरर्थक होईल. म्हणून उभी तपासणी वाईट आणि आडवी चांगली असंही नाही. काय शोधायचंय त्यावर स्थिती ठरते.

राहिलं बाळ. दूध पाजून करतात तो मिल्क स्कॅन. नेहमीच्या दुधात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य लावलेला पदार्थ अगदी थोडा मिसळतात. तो आतड्यातून शोषला न जाता शौचावाटे निघून जातो. आधी मिसळलेलं दूध, मग शेवटी थोडं साधं दूध किंवा पाणी देतात, म्हणजे तोंड आणि अन्ननलिका धुऊन निघते. ढेकर काढून बाळाला उताणं कॅमेऱ्यावर ठेवतात, चादरीत गुंडाळतात आणि ३० ते ६० मिनिटं सलग, काही सेकंदांच्या चित्रांत नोंद घेतात. काही तासांनी, गरज पडली तर दुसऱ्या दिवशीही, फुप्फुसांवर पुन्हा चित्र घेतात. बांधणं क्रूर वाटतं खरं, पण बाळ हललं तर छातीतला ठिपका आणि पोटातला ठिपका एकमेकांत मिसळतात. सगळ्यात जास्त फसगत होते ती सांडलेल्या दुधाने. लाळेरं, मान, झबलं यांवर पडलेला थेंब कॅमेऱ्याला ‘रिफ्लक्स’ म्हणून दिसतो. म्हणून दूध पाजताना वेगळं लाळेरं, मग हातपाय, हनुवटी आणि मानेच्या घड्या पुसून कपडे बदलायचे, आणि त्या कपड्यांची पिशवी खोलीबाहेर. सोबत दोन जोड कपडे, नेहमीची बाटली आणि नेहमीएवढंच दूध न्या. भुकेने रडणाऱ्या बाळाला निम्मंच दूध दिलं तर पोट भरत नाही आणि रिफ्लक्सही कमी दिसतो. नळीने दूध देत असतील तर पाजल्यावर नळी काढतात का ते विचारा, नळी झडपेत राहिली तर दार उघडंच राहतं.

गरज किती? चार महिन्यांची बहुतेक बाळं दूध काढतातच आणि वजन नीट वाढत असेल तर कोणत्याही स्कॅनची गरज नसते. बाळांतला रिफ्लक्सचा आजार ठरवण्यासाठी हा स्कॅन किंवा बेरियम वापरू नये, असंच युरोप-अमेरिकेच्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या २०१८च्या सूचनांचं मत आहे. दूध फुप्फुसात उतरतं का, वारंवार न्यूमोनिया का होतो, जठर रिकामं व्हायला फार वेळ लागतो का, असे प्रश्न असतील तर त्याचा उपयोग आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातून काय कळलं तर उपचार बदलेल?’ बाळाला हिरवी उलटी झाली तर मात्र थांबू नका, त्याच तासाला रुग्णालयात न्या. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे बेरियमसारखी तपासणी तातडीची ठरते.

कुशीबद्दल मी वर जे लिहिलं ते मोठ्यांसाठी आहे. बाळाला झोपवायचं ते उताणंच, सपाट आणि घट्ट गादीवर. रिफ्लक्स आहे म्हणून पालथं किंवा कुशीवर झोपवू नका, गादी उचलू नका. झोपेत श्वास थांबण्याचा धोका त्याने वाढतो. तुम्ही स्वतः डाव्या कुशीवर झोपा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे लावा. जास्त उशा घेतल्या तर शरीर कंबरेत वाकतं आणि पोटावर दाब वाढतो. जेवण आणि झोप यांत तीन तास. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेता ना, तेही एकदा पाहा. गिळताना अडकायला लागलं, वजन उतरलं, शौच काळी झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा रक्त कमी असल्याचं निघालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि जळजळ चढ चढताना किंवा घाईने चालताना होऊन थांबल्यावर कमी होत असेल, तर ती पोटाची समजण्याआधी ईसीजी काढून घ्या.